ताश्कंद, सिमला आणि काश्मीरमधली रेषा: वाचनालयाच्या भिंतीवरच्या नकाशासाठी नेमकी माहिती हवी

येरळाकाठ:

नमस्कार मंडळी. कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात, अभ्यासिकेच्या भिंतीवर जम्मू-काश्मीर आणि लडाखचा मोठा नकाशा लावायचं ठरलंय. जागा ८ फूट बाय ६ फूट. देवराष्ट्रे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते तो काळ (नोव्हेंबर १९६२ ते नोव्हेंबर १९६६) त्यात नीट दिसावा असा ज्येष्ठ मंडळींचा आग्रह आहे. अभ्यासिकेत बसणारी निम्मी मुलं एमपीएससीची, निम्मी सैन्यभरतीची. चुकीचं काही भिंतीवर गेलं तर तेच पाठ होणार, म्हणून आधी इथे विचारतोय.

मुलांचे तीन प्रश्न सारखे येतात. हाजी पीर खिंड १९६५ ला जिंकून परत दिली, मग १९७१ ला घेतलेलं तुर्तुक आपल्याकडे कसं राहिलं? छांब १९६५ नंतर परत मिळालं, तर १९७१ नंतर का नाही मिळालं? आणि युद्धबंदी रेषा, नियंत्रण रेषा, प्रत्यक्ष नियंत्रण रेषा अशा एकूण रेषा काढायच्या तरी किती?

शिवाय मूळ नकाशा कुठला घ्यावा, कायद्याच्या दृष्टीने काय सांभाळावं, छपाईत काय बिघडतं हेही जाणकारांनी सांगावं.

दंडोबा:

येरळाकाठ, पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर दोन करारांतल्या एकेका कलमात आहे. ती दोन कलमं भिंतीवर शेजारी-शेजारी लावा, मुलं उरलेलं स्वतः सोडवतील.

ताश्कंद करार (१९६५ च्या युद्धानंतरचा), १० जानेवारी १९६६: दोन्ही देशांची सशस्त्र माणसं २५ फेब्रुवारी १९६६ पर्यंत ५ ऑगस्ट १९६५ च्या आधी जिथे होती तिथे माघारी जातील.

सिमला करार (१९७१ च्या युद्धानंतरचा), २ जुलै १९७२: आंतरराष्ट्रीय सीमेवर सैन्य आपापल्या हद्दीत परतेल. पण जम्मू-काश्मीरमध्ये १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीतून जी नियंत्रण रेषा तयार झाली ती दोघांनी पाळायची, कुणी एकतर्फी बदलायची नाही. कुणाच्याही मूळ दाव्याला मात्र त्याने बाध येणार नाही.

म्हणजे ताश्कंदमध्ये युद्धाआधीची स्थिती परत आणली, सिमल्यात युद्ध थांबलं त्या घडीची स्थिती कायम ठेवली. आता एकेक जागा तपासा.

हाजी पीर २८ ऑगस्ट १९६५ ला १ पॅरा या छत्रीधारी पलटणीने घेतली, मेजर रणजितसिंग दयाल यांच्या नेतृत्वाखाली. उंची २,६३७ मीटर. उरी आणि पूंछ यांना जोडणारा साधारण ५६ किमीचा जुना रस्ता याच खिंडीतून जातो. खिंड हातात नसली की उरीहून पूंछला जायला कित्येक पटींनी लांबचा वळसा पडतो. कब्जा ५ ऑगस्टनंतरचा, म्हणून ताश्कंदच्या कलमाने ती परत गेली. पण त्याच कलमाने छांब-जौडियांचा पट्टाही आपल्याला परत मिळाला, ही दुसरी बाजू मुलांना सांगितलीच पाहिजे. १ सप्टेंबरला पाकिस्तानने तिथून जी मुसंडी मारली तिचा रोख अखनूरच्या चिनाबवरच्या पुलाकडे होता. राजौरी-पूंछला जाणारी रसद त्याच पुलावरून जायची. एकच नियम दोन्ही बाजूंना लागू होता. हाजी पीर ठेवतो आणि छांब परत द्या, असं त्या कलमात बसवता येत नव्हतं. सुरक्षा परिषदेचा २० सप्टेंबरचा ठरावही ५ ऑगस्टच्याच जागांचा होता, आणि मध्यस्थ सोव्हिएत संघाची भूमिका त्याला धरूनच होती. यशवंतराव आणि स्वर्णसिंग दोघेही शास्त्रीजींबरोबर ताश्कंदला होते. त्या टेबलावर काय मिळालं आणि काय सोडावं लागलं हे एकत्र पाहिल्याशिवाय त्यांच्यावर टीका करू नये, असं माझं ठाम मत आहे.

१९७१ ला हाच प्रकार उलट झाला. मेजर चेवांग रिंचेन यांच्या लडाख स्काउट्सनी श्योक नदीच्या खोऱ्यात चालुंका, तुर्तुक, त्याक्षी, थांग ही गावं घेतली. जवळपास ८०० चौ. किमीचा मुलूख. सिमल्याच्या कलमाने तो आपल्याकडे राहिला. त्याच कलमाने मनावर तवीच्या पश्चिमेचं छांब पाकिस्तानकडे राहिलं, कारण युद्ध थांबलं तेव्हा आपलं सैन्य नदीच्या पूर्वेला होतं. शकरगढचा भाग किंवा सिंधमधलं छाछरो आपण जिंकूनही परत दिलं, ते आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडचे म्हणून. इथे मुलं हमखास गोंधळतात: सिमला करारात दोन वेगळे नियम आहेत, एक सीमेसाठी आणि एक जम्मू-काश्मीरमधल्या रेषेसाठी.

वर्गात दाखवायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे कारगिलजवळचं शिखर १३६२०. आकडा फुटांतली उंची आहे. तिथून श्रीनगर-लेह रस्ता थेट नजरेत येतो, म्हणजे लेहची सगळी रसद तोफांच्या टप्प्यात. मे १९६५ मध्ये आपण ते घेतलं, संयुक्त राष्ट्रांनी हमी दिल्यावर जूनअखेर सोडलं. ऑगस्टमध्ये पुन्हा घेतलं, ताश्कंदनंतर पुन्हा सोडलं. डिसेंबर १९७१ मध्ये तिसऱ्यांदा घेतलं, आणि सिमल्यानंतर आजवर ते आपल्याकडे आहे. सैनिकांनी केलेली चढाई तिन्ही वेळा तीच होती. शिखर टिकलं की गेलं हे ठरलं कागदावर.

आता मूळ रेषेबद्दल. १९४७-४८ च्या युद्धानंतर युद्धबंदी १ जानेवारी १९४९ ला लागू झाली. तेव्हा सैन्य जिथे पोचलं होतं तिथे ते का होतं, हे १९४८ च्या नोव्हेंबरने ठरवलं. १ नोव्हेंबरला झोजी ला खिंडीवर ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढले, त्यानंतर द्रास आणि कारगिल हाती आलं, आणि त्याच महिन्यात पूंछचा वर्षभराचा वेढा फुटला. या दोन गोष्टी झाल्या नसत्या तर लेहचा रस्ता आणि पूंछ शहर दोन्ही रेषेपलीकडे असते. रेषेची आखणी २७ जुलै १९४९ च्या कराची कराराने झाली. भारताकडून लेफ्टनंट जनरल श्रीनागेश, पाकिस्तानकडून मेजर जनरल कॉथॉर्न यांच्या सह्या. दक्षिणेला मनावरपासून सुरू होऊन झांगर, पूंछ, उरी, केरन, मग पूर्वेला वळून कारगिलच्या उत्तरेने चोरबट ला, चालुंका, खोर आणि तिथून ‘उत्तरेला हिमनद्यांपर्यंत’. रेषेपासून ५०० यार्डांच्या आत सैन्य ठेवायचं नाही अशी अट होती. किशनगंगा नदीच जिथे रेषा आहे तिथे तेवढी सूट.

१९७२ ची आखणी लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत आणि पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान यांनी केली. १० ऑगस्टला सुरू झालेलं काम ११ डिसेंबर १९७२ ला सुचेतगढला सह्या होऊन संपलं. एवढा उशीर मुख्यतः ठाकोचक या जम्मूच्या बाजूच्या छोट्याशा गावावरून. तो तिढा सोडवायला माणेकशॉ आणि टिक्का खान या दोन लष्करप्रमुखांना लाहोरला बसावं लागलं. प्रत्येक बाजूने नकाशांचे दोन-दोन संच केले, एका संचात २७ पत्रकं, ती जोडून १९ तुकडे. हे लक्षात ठेवा, कारण १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी रेषा तिथे नीट ठरलेलीच नाही असं म्हणायला सुरुवात झाली, तेव्हा हेच सह्या केलेले नकाशे जगापुढे ठेवता आले.

अजिंक्यतारा:

दंडोबांनी इतिहास मांडलाय, मी नकाशाच्या कामाचं सांगतो.

मूळ नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरूनच घ्या, पीडीएफ मोफत मिळते. २ नोव्हेंबर २०१९ नंतरची आवृत्ती हवी, म्हणजे जम्मू-काश्मीर आणि लडाख हे दोन केंद्रशासित प्रदेश वेगळे दिसतील. त्यात मुझफ्फराबाद आणि मीरपूर जम्मू-काश्मीरमध्ये आहेत, गिलगिट लडाखमध्ये आहे, शक्सगाम आणि अक्साई चिनही आतच आहेत. बाहेरची सीमा याहून वेगळी काढून नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. परदेशी संकेतस्थळांवरचे नकाशे काश्मीर तुटक रेषेत दाखवतात. असला नकाशा प्रेसवाल्याने गुपचूप खाली टाकला तर जबाबदारी वाचनालयावर येते. प्रूफ बघताना आधी बाहेरची सीमा तपासा.

प्रमाण: ८ बाय ६ फुटांत पूर्वीचं अख्खं संस्थान १:३,००,००० ने जेमतेम बसतं, पण सूचीला जागा उरत नाही. १:४,००,००० घ्या, म्हणजे १ सेंमी = ४ किमी. नकाशा साधारण १.८ मीटर रुंद आणि १.३५ मीटर उंच होतो, उजवीकडे दोन फुटांचा पट्टा करारांची कलमं आणि सूची यांना मोकळा राहतो.

छपाईतली नेहमीची चूक म्हणजे प्रेसवाला चित्र चौकटीत बसवण्यासाठी आडवं ताणतो. ओळखायची युक्ती सोपी: ३५ अंश अक्षांशावर १ अंश अक्षांश म्हणजे १११ किमी, तुमच्या नकाशावर २७.७ सेंमी यायला हवं. १ अंश रेखांश म्हणजे साधारण ९१ किमी, २२.८ सेंमी. पट्टी लावा. फरक अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त असेल तर फ्लेक्स परत करा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली जेपीजी मोठी करू नका, गावांची नावं फाटतात. मूळ पीडीएफ पेनड्राइव्हवर द्या.

रेषा अशा काढा: १९४९ ची युद्धबंदी रेषा तपकिरी तुटक. १९७२ ची नियंत्रण रेषा लाल सलग, जाडी १ मिमी. जास्त जाड नको, कारण १ मिमी म्हणजे जमिनीवरचे ४०० मीटर. तारेचं कुंपण यात दाखवायचा मोह टाळा. ते बहुतेक ठिकाणी रेषेच्या आत, आपल्या बाजूला आहे आणि त्याच्यापुढेही आपली गावं आहेत. कुंपण म्हणजेच रेषा असा समज पक्का व्हायला नको. दोन्ही रेषांवर ‘आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे’ असं लिहा आणि सीमेसाठी वापरतात ते चिन्ह त्यांना देऊ नका.

१९६५ साठी वेगळी रेषा काढू नका! ताश्कंदनंतर १९४९ चीच रेषा पुन्हा लागू झाली. त्या काळासाठी फक्त तिरप्या रेघांचे पट्टे: हाजी पीर, कारगिलची शिखरं, छांब-जौडियां, आणि पट्ट्यात ‘घेतलं’ आणि ‘सोडलं’ अशा दोन तारखा. यशवंतरावांचा काळ यातून आपोआप उठून दिसेल. १९६२ चा संदर्भ अक्साई चिनजवळ एका ओळीत द्या: २१ नोव्हेंबर १९६२, चीनची एकतर्फी युद्धबंदी, आणि त्याच दिवशी यशवंतरावांनी संरक्षण खात्याची सूत्रं घेतली.

उरी-पूंछचं सरळ अंतर या प्रमाणात फक्त ९ सेंमी येतं, तेवढ्यात खिंड कळणार नाही. त्या भागाचा १:१,००,००० चा वेगळा चौकोन करा. हाजी पीर साधारण ३३° ५७′ उत्तर, ७४° ४′ पूर्व. दुसरा चौकोन छांबचा.

येरळाकाठ:

दंडोबा, अजिंक्यतारा, मनापासून आभार. १९६५ साठी वेगळी रेषा नको हे फार मोलाचं, आमच्या कच्च्या आराखड्यात ती होती.

आणखी दोन शंका. लाल रेषा उत्तरेला कुठे थांबवायची? काही नकाशांत ती काराकोरम खिंडीपर्यंत जाते, काहींत मध्येच तुटते. आणि २०२५ मध्ये पाकिस्तानने सिमला करार स्थगित ठेवण्याची भाषा केली, त्यावर मुलं विचारतात की आता नियंत्रण रेषा राहिली का?

माणगंगा:

लाल रेषा एनजे ९८४२ या बिंदूवर थांबवा. साधारण ३५° उत्तर, ७७° पूर्व. एनजे ही लष्करी नकाशातल्या चौकटीची अक्षरं, ९८ आणि ४२ हे त्या चौकटीतले आडवे-उभे आकडे. १९७२ च्या वर्णनात रेषा थांगपर्यंत येते आणि मग ‘पूर्वेला हिमनद्यांना मिळते’ एवढंच लिहिलंय. कराचीत ‘उत्तरेला हिमनद्यांपर्यंत’ होतं. दोन्ही वेळा पुढची आखणी केली नाही, कारण त्या बर्फात कुणी राहील, लढेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. सियाचेन हिमनदीचा सगळा वाद या सोडलेल्या जागेत आहे.

भारताचं म्हणणं: उत्तरेला म्हणजे पाणलोटाच्या कडेने, साल्तोरो रांगेवरून. पाकिस्तानचं म्हणणं: ईशान्येला सरळ काराकोरम खिंडीकडे. बिंदूपासून खिंडीपर्यंत सरळ अंतर ९० किमीच्या आसपास, तुमच्या नकाशावर २३ सेंमी. या दोन रेघांमधल्या त्रिकोणात ७६ किमी लांबीची अख्खी हिमनदी येते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी नकाशांवर ही दुसरी सरळ रेघ छापली जाऊ लागली, कुठल्याही कराराचा आधार नसताना. तुम्ही बघितलेले काही नकाशे त्याच वंशातले. ती रेघ अजिबात काढू नका.

परदेशी गिर्यारोहक पाकिस्तानची परवानगी घेऊन तिथे जाऊ लागले, म्हणजे ताबा कागदोपत्री सिद्ध होऊ लागला. कर्नल नरेंद्र कुमार यांची १९७८ ची तेराम कांगरी मोहीम यावरचं आपलं पहिलं उत्तर. मग १३ एप्रिल १९८४, ऑपरेशन मेघदूत. चीता हेलिकॉप्टरमधून ४ कुमाऊं पलटणीची तुकडी कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्याबरोबर बिलाफोंड लावर उतरली, चार दिवसांनी सिया ला घेतली. पाकिस्तानही त्याच उन्हाळ्यात येणार होता. आधी पोचण्यालाच महत्त्व होतं, कारण खिंड ज्याच्याकडे तो वर आणि दुसरा खाली, आणि साडेपाच हजार मीटरवर खालून चढत हल्ला करणं किती अवघड हे १९८७ ला सुभेदार बाना सिंग यांनी पाकिस्तानची कायद चौकी घेतली तेव्हा दिसलं. ती चौकी २१,००० फुटांच्याही वर आहे. ते तेव्हा नायब सुभेदार होते, परमवीर चक्र मिळालं.

तेव्हापासून सैन्य जिथे उभं आहे त्याला प्रत्यक्ष ताबास्थिती रेषा म्हणतात, लांबी साधारण ११० किमी. एनजे ९८४२ पासून साल्तोरोच्या माथ्याने इंदिरा कोलपर्यंत (३५° ४०′ उत्तर, ७६° ४८′ पूर्व) निळ्या ठिपक्यांनी काढा. हिमनदी तिच्या पूर्वेला, पूर्ण आपल्याकडे, असं दिसलं पाहिजे. ठिपके हिमनदीवरूनच नेले तर नकाशा चुकला. प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ही चीनबरोबरची, ती काराकोरम खिंडीच्या पूर्वेला. ती याला जोडून एकसलग करू नका.

सैन्य मागे घेण्याची बोलणी १९८० च्या दशकापासून अनेकदा झाली. अडतं एकाच जागी: आधी दोघांनी सध्याच्या जागा नकाशावर सह्यानिशी मान्य करायच्या, ही भारताची अट. एनजे ९८४२ नंतर जे लिहायचं राहिलं त्याची किंमत बघता ही अट सोडू नये. २००३ च्या नोव्हेंबरपासून तिथे गोळीबार थांबलाय, पण माणसं बर्फाने जातात. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर हिमस्खलनात १० जवान गेले, त्यांत एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना ही निळी रेष म्हणजे काय हे त्यावरून सांगा.

दंडोबा:

दुसऱ्या शंकेचं उत्तर. २४ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित केल्यावर, पाकिस्तानने सिमल्यासह सगळे द्विपक्षीय करार स्थगित ठेवण्याचा आपला हक्क असल्याचं जाहीर केलं. तेवढ्याने जमिनीवरची रेषा हलत नाही. सैन्य तिथेच आहे, सह्या केलेली २७ पत्रकं तीच आहेत. फरक पडतो तो वाद कुठे न्यायचा यात. सिमल्यानंतर भारताची भूमिका अशी की प्रश्न दोघांतच सोडवायचा, आणि म्हणूनच युद्धबंदी रेषेवर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचं काम संपलं. पाकिस्तानने ते कधीच मानलं नाही. आणि तुमच्या भिंतीसाठी महत्त्वाचं: सिमला करार खरोखर मोडला असं धरलं, तरी पाकिस्तानला १९४९ ची रेषा आपोआप मिळत नाही. १९४९ ची रेषा म्हणजे तुर्तुक आणि कारगिलची शिखरं सोडा असं म्हणणं, पण त्याचबरोबर छांब परत करणंही आलं.

छांबच्या चौकोनात मनावर तवी आधी निळी काढून घ्या, मग तपकिरी आणि लाल रेषा. दोन्हींमधला तुकडा रंगवताना त्यावर ‘१९६५: गेलं, १९६६: परत मिळालं, १९७१: गेलं’ असं लिहा. तुर्तुकच्या तुकड्यालाही तोच रंग द्या, म्हणजे एकाच कलमाने दोन्ही बाजूंना काय झालं ते एका नजरेत येईल. प्रूफ आलं की इथे टाका, सगळे मिळून बघू.